रूथमावशीच्या नद्या

परवा फोनवर रेवाने मला विचारलं, "आजी, आमच्या हॉलमधल्या चित्रातली गाय ओली का आहे?" मागून तुमच्या आईने उत्तर दिलं, "ती गाय नाहीये गं, नदी आहे. आजीच्या कॉलनीतल्या कोणीतरी काढलंय." मग तुमच्याकडे जेवायची वेळ झाली आणि फोन बंद झाला.

त्या 'कोणीतरी'वर मी अजून चिडलेली आहे. ज्या बाईने मला आयुष्यात सगळ्यांत जास्त वैताग दिला, तिला कोणीतरी म्हटलेलं मी चालवून घेणार नाही. तेव्हा ईशान आणि रेवा, हे नीट बसून वाचा. मराठी शब्द अडला तर आईला विचारा. तिलाही अडला तर मला फोन करा, आणि तो अडेल.

तिचं नाव रूथ साळवे. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही पहिल्या मजल्यावर राहत होतो आणि ती आमच्या वर. मूळची नगरची, ख्रिस्ती घरातली, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं असं कोणी विचारलं की ती दर वेळी वेगळं कारण सांगे आणि प्रत्येक कारण ऐकण्यासारखं असे. सरकारच्या एका प्रसिद्धी खात्यात ती चित्रकार होती. सुधारित बियाणं वापरा, पाणी उकळून प्या, दोन मुलांत अंतर ठेवा, अशी जी पोस्टरं त्या काळी दवाखान्यांच्या आणि पंचायतींच्या भिंतींवर असत, त्यांतली पुष्कळशी तिच्या हातची.

"दिवसा मी भारत सरकारची, ऑफिस सुटलं की ओघवणची," असं ती म्हणायची.

ओघवण हा तिने रचलेला देश. तिथे माणसं नद्या पाळतात, आपल्याकडे गुरं पाळतात तशा. सकाळी झिपरी नावाची मुलगी त्यांना गोठ्यातून सोडते, दिवसभर चारते आणि दिवेलागणीला परत आणते. एक नदी परत येत नाही. तिला शोधायला झिपरी निघते. रूथ त्या शोधाचं पुस्तक लिहीत होती. मी लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा ती ते लिहीत होती. तुमची आई शाळेत जायला लागली तेव्हाही लिहीतच होती.

तिची कामाची पद्धत ऐकून माझं डोकं दुखायचं. आधी चित्र, मग मजकूर. पुढे काय घडणार हे तिला माहीत नसायचं. एखादं चित्र काढून ती ते भिंतीला टेकवून ठेवायची आणि भाजी निवडता निवडता त्याच्याकडे बघत बसायची. मी विचारलं, "पुढचं प्रकरण झालं का?" तर म्हणायची, "थांब की सुधाताई, ते अजून काही बोललेलं नाही." मी पुण्याला इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, इथे शाळेत इंग्रजी शिकवणारी. गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. मी तिला प्रकरणांचा एक छान आराखडा करून दिला. तिने त्याच्या पाठीमागे एक लंगडी नदी काढली. नदी चांगली होती, हे मान्य करते.

ऑफिसातही तिचं हेच. एकदा पाणी उकळण्याचं पोस्टर करायचं होतं. तिने विहीर काढली, कळशी घेतलेली बाई काढली, सगळं नियमात. पण विहिरीच्या तळाशी, नीट पाहिलं तरच दिसेल असा, एक डोळा होता. पोस्टर छापून चार राज्यांत गेल्यावर साहेबांच्या लक्षात आलं. तिला बोलावणं आलं. तिने तो संवाद आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून दोघांच्या आवाजात करून दाखवला होता.

"मिस साळवे, ये क्या है?"

"पानी है, सर."

"पानी की आँख होती है?"

"होती है, सर. इसीलिए तो उबालने को कह रहे हैं."

तिला लेखी ताकीद मिळाली. मी म्हटलं, "रूथ, नोकरी गेली तर काय खाशील?" ती म्हणाली, "पण ताई, साहेब हसला. ताकीद टाइप करून आणायला सांगताना हसत होता." तिला तेवढं पुरत असे. पुढच्या पोस्टरवर गव्हाच्या शेतात एक शेपूट होतं.

आता नद्यांच्या खाण्याची गोष्ट. ती मला कच्चं लिखाण वाचून दाखवायची आणि मी चुका सांगायची, असा आमचा प्रघात होता. एका रविवारी मी विचारलं, "तुझी झिपरी नद्यांना चरायला नेते. पण नदी खाते काय?" मी शाळेत मुलींना विचारते तसा हा साधा प्रश्न होता. तिने कागद गोळा केले आणि ती वर निघून गेली. मग बरेच दिवस तिचं तोंडसुद्धा दिसलं नाही. मला वाटलं, दुखावली. मी दोन वेळा वाटीत शिरा पाठवला, वाट्या रिकाम्या परत आल्या. शेवटी एका दुपारी, मी पोळ्या लाटत असताना ती चपला न घालताच खाली आली आणि म्हणाली, "उतार. नदी उतार खाते."

"काय?"

"उतार गं. डोंगरात उतार भरपूर, म्हणून तिथे नदी उड्या मारते. सपाटीला आली की खायला कमी मिळतं, म्हणून मंद होते. आणि समुद्राशी उतार संपतो. तिथे ती मरते."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. भूगोलाच्या पुस्तकात हेच निराळ्या शब्दांत होतं आणि मला ते कधी असं दिसलं नव्हतं. पण हे कौतुक मी तिला सांगायच्या आत तुमच्या आईने आणि मामाने ते ऐकलं होतं. दोघं बादल्या घेऊन जिन्यात गेली. आर. के. पुरममध्ये उतार असा जिन्यातच. कूलरसाठी भरून ठेवलेलं सगळं पाणी त्यांनी 'चरायला' सोडलं. थोड्या वेळाने तळमजल्याचे मुखर्जीबाबू पँट घोट्याच्या वर दुमडून आमच्या दारात उभे.

"भाभीजी, आपकी नदी हमारे ड्रॉइंग रूम में आई हुई है. कृपा करके बुला लीजिए."

मी माफी मागत फडकी शोधायला लागले. रूथने मात्र त्यांना गंभीरपणे विचारलं, "दादा, किस तरफ़ से अंदर आई?"

मुखर्जी हिशेब खात्यातले, इस्त्रीची घडी न मोडणारे गृहस्थ. मी फडकं घेऊन खाली गेले तेव्हा ते हात पसरून तिला दाखवत होते, दारातून अशी आली, सोफ्याला अशी वळसा घालून गेली, मग गॅलरीकडे. "वहाँ थोड़ा सोचा उसने," असंही म्हणाले. जमीन मी एकटीने पुसली. पुढच्या आठवड्यात ओघवणात एक नदी घराघरांतून वाहणारी आली आणि तिच्या काठी दुमडलेल्या पँटचा एक राजा आला.

कारण रूथ माणसं उचलायची. न विचारता. दुधाच्या बूथवर रांगेत उभी राहून ती कोणाकडे तरी टक लावून बघत असली, की समजावं त्या माणसाचं नाक गेलं. माझं तर सगळंच गेलं. ओघवणात 'मोजणीबाई' नावाची एक बाई आहे. संध्याकाळी ती वेशीवर उभी राहते, नद्यांना रांगेत लावते, मोजते, आणि पायाला चिखल असेल तर आत घेत नाही. अंबाडा माझा, चष्मा माझा, कमरेवरचा हातही माझा. पोरांनी घरात मला मोजणीबाई म्हणायला सुरुवात केली, तुमचे आजोबाही मागे राहिले नाहीत. मी वर जाऊन तिला जाब विचारला.

"तू मला चेटकीण केलंस?"

"चेटकीण कुठे? ती नसती तर त्या देशात एकही नदी घरी आली नसती," रूथ म्हणाली. "रागावू नकोस. तुझी चहापत्ती देतेस का जरा?"

मी चहापत्ती दिली.

हे सगळं मी सोसलं असतं. जे सोसवेना ते वेगळंच होतं. सरकारी कॉलनीत बदल्या सतत चालू असतात. कोणी शिलाँगला, कोणी मद्रासला, कोणी नागपूरला. ज्यांची बदली होई त्यांचं स्वयंपाकघर आधी बांधलं जाई, त्यामुळे शेवटचे दिवस ते कुटुंब आळीपाळीने शेजाऱ्यांकडे जेवायचं. आज नायरांकडे, उद्या मिश्रांकडे, परवा आमच्याकडे. निघताना प्रत्येक घर काहीतरी हातात ठेवी, लोणचं, स्वेटर, स्टीलचा डबा. रूथ त्या घरातल्या मुलांना ओघवणाचं एक पान द्यायची. पुस्तकासाठी काढलेलं, मूळ, एकुलतं एक पान.

हे मला कळलं ते नायर निघाले तेव्हा. ट्रक उभा, दोऱ्या आवळून झालेल्या, आणि नायरांची धाकटी पोर छातीशी एक कागद धरून. मी पाहिलं तर हरवलेल्या नदीचं ते पहिलं चित्र, जिथून गोष्ट सुरू होते ते.

"रूथ, हे कसं दिलंस?"

"तिला ती आवडते."

"मग नक्कल काढून द्यायचीस."

"तीच रेघ दुसऱ्यांदा काढली की ती खोटं बोलते, ताई."

"आणि पुस्तकात काय छापणार?"

"बघू," ती म्हणाली आणि ट्रककडे हात हलवायला लागली. अशी वर्षानुवर्षं पानं जात राहिली. कॉलनी रिकामी होऊन भरत होती आणि ओघवण देशभर पांगत होतं.

मग तिचे डोळे बिघडले. आधी ती जिन्यात ठेचकाळू लागली, कपाटाच्या उघड्या दाराला धडकू लागली. नेहमीची वेंधळी म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. एक दिवस सरोजिनी नगरच्या बाजारात मी तिच्या अगदी शेजारी उभी असताना ती मला हाका मारत राहिली. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. कडेकडेने दिसेनासं होत जाणार, गेलेलं परत येणार नाही, औषधाने फक्त वेग कमी होईल. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बांगडीतून बघितल्यासारखं दिसतं गं. बांगडी आहे, तोवर ठीक आहे."

त्या दिवशी मी ठरवलं की हे पुस्तक होणार, आणि बांगडी लहान व्हायच्या आत होणार. पुण्याचे एक प्रकाशक माझ्या भावाच्या ओळखीचे होते. त्यांनी चित्रांसकट सगळं पाठवा, म्हणून कळवलं. मी जिथे जिथे पानं गेली होती तिथे पत्रं टाकली. चित्र काळजीपूर्वक पाठवा, छापून झालं की परत करू, असं हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलं. लोक भले. पानं येऊ लागली.

पण कशी आली. नायरांच्या चित्रात हरवलेल्या नदीवरचा पूल राखणाऱ्या राणीला मिशा फुटल्या होत्या. मुखर्जींची कलकत्त्याला बदली झाली होती, त्यांनी पाठवलेल्या नदीत एक मासा होता, चांगला खवल्यांसकट, आणि सोबत चिठ्ठी, की मुलाने काढलेला नाही, मीच काढला, नदी फार रिकामी वाटत होती. एका चित्रावर तेलाचा डाग, एकावर कोणीतरी शाईने ढग भरलेले. आणि मिश्रांनी चित्र पाठवलंच नाही. ती हरवलेली नदी परत सापडते तेव्हाचं ते चित्र. मिश्राभाभींनी लिहिलं, आमच्या सासूबाईंनी ते देवघरात ठेवलं आहे, रोज कुंकू लावतात, आता उठवता येणार नाही.

मी कपाळाला हात लावला. रूथ मात्र एकेक चित्र डोळ्यांशी धरून, बांगडीतून फिरवत बघत होती आणि हसत होती.

"रबराने मिशा जातील," मी म्हटलं. "मासा मी पांढऱ्या रंगाने झाकते. मिश्रांना मी परत लिहिते."

"खबरदार," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी तेव्हाच काय तो ऐकला. "माझ्या नदीला देवघर मिळालं आणि तू तिला परत मागतेस?"

"तू ख्रिस्ती ना?"

"मी आहे. नदी कुठे आहे?"

आणि मग तिने जे केलं त्यामुळे मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. तिने गोष्ट बदलली. चित्रं साफ करायची सोडून चित्रांना जे झालं ते गोष्टीत घेतलं. राणीला मिशा का आल्या याचं एक प्रकरण झालं. मासा कुठून आला याचं दुसरं. हरवलेली नदी सापडेचना, कारण ती लांबच्या एका गावात देवी होऊन बसली होती आणि तिथल्या म्हातारीला सोडून यायला तयार नव्हती. मी सुवाच्य अक्षरात केलेली सगळी प्रत वाया गेली. प्रकाशकांची पत्रं आधी सौम्य होती, मग थोडी कमी सौम्य. इकडे रूथला ताटातली वाटी चाचपावी लागत होती.

शेवटी एकच चित्र उरलं, शेवटच्या पानाचं, संध्याकाळी नद्या घरी येतात ते. ते ती काढेना. आज प्रकाश चांगला नाही. आज हात जड आहे. ते अजून काही बोललेलं नाही. मी परीक्षेत मुली बसवते तसं तिला एका शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसवलं. कागद, शाई, टाक, पाण्याचा पेला. दाराला कडी लावली आणि समोर उत्तरपत्रिका तपासत बसले.

"सुधाताई, पाणी प्यायला जाऊ?"

"पेला समोर आहे."

"हे झालं की मग मी काय करू?"

हे तिने त्याच सुरात विचारलं, म्हणून मला जरा वेळाने कळलं. मी लाल पेन खाली ठेवलं. एवढी वर्षं मी समजत होते की ही बाई आळशी आहे.

"दुसरं लिही," मी म्हटलं.

"दुसरं दिसणार नाही."

"तू बोल, मी लिहीन."

"तू मध्ये मध्ये प्रश्न विचारतेस."

"विचारीन. काढ आता."

तिने काढलं. कागद डोळ्याखाली इंचाइंचाने सरकवत, मान वाकडी करून. जेवणाच्या वेळेपर्यंत मधोमध एक गोल भरला, त्यात परत आलेल्या सगळ्या नद्या, मिशांची राणी, मासा, पँट दुमडलेला राजा, झिपरी. गोलाबाहेर कागद पांढरा.

"कडा राहिल्या," मी म्हटलं.

"मला दिसतं तेवढं काढलंय. उरलेलं ज्यांचं पुस्तक असेल ते काढतील."

मी प्रकाशकांना दोन वेळा कळवलं की कडा भरून घ्याव्यात. त्यांनी भरल्या नाहीत. त्या शनिवारचं मूळ चित्र मात्र मी छापून झाल्यावर परत मागून घेतलं. बाकीची पानं तिने ज्यांची त्यांना धाडली. तुमच्या हॉलमधली ओली नदी तुमच्या आईच्या लग्नातली. मी तेव्हा साड्यांचं कपाट लावत होते आणि रूथने ती तुमच्या आईच्या पेटीत सारली.

पुस्तक छापून आलं तेव्हा ती निवृत्त होऊन नोएडाला भाचीकडे राहायला गेली होती. पहिली प्रत घेऊन मी ऑटोने तिच्याकडे गेले. तिने पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, पानांवरून बोटं फिरवली. "शाई लागत नाही हाताला," म्हणाली, जराशी नाराजीने. मग म्हणाली, "शेवटचं प्रकरण वाच."

मी वाचू लागले. चौथ्या वाक्याला तिने थांबवलं.

"तिथे झिपरी दार लावते ना? लावत नाही आता."

"रूथ, छापलंय."

"असू दे. उघडंच ठेवते. पुढे वाच."

मी पुढे वाचलं. तिने परत थांबवलं, परत बदललं. मी ठामपणे सांगितलं की पुस्तकात जे छापलंय तेच मी वाचणार. "वाच की," ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली. तिच्या भाचीने चहा आणून ठेवला. कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आलं की मी दार उघडं असल्याचं वाचते आहे. पानावर तसं काही नव्हतं. झिपरी उंबऱ्यावर बसली आहे, आत नद्या धापा टाकत निजल्या आहेत, असं मी छापल्यासारखं वाचून दाखवत होते आणि कुठे अडखळतही नव्हते.

"बघ, चांगलं छापलंय," रूथ म्हणाली.

निघताना ती भिंत धरत फाटकापर्यंत आली. नको म्हटलं तरी आली. रस्त्यावर दोन ऑटो उभ्या होत्या. मी मागच्या ऑटोत बसले आणि वळून बघते तर ती पुढच्या ऑटोकडे तोंड करून जोरजोरात हात हलवत होती. त्या ऑटोत ब्रीफकेस मांडीवर घेतलेला कोणी अनोळखी गृहस्थ होता. मी हाक मारून सांगणार होते की मी इकडे आहे, इतक्यात त्याने तिच्याकडे पाहिलं, जरा गोंधळला, आणि मग ब्रीफकेस सांभाळत, ओळखीच्या माणसाला हलवावा तसा, तोही तिला हात हलवू लागला. त्याची ऑटो वळणाआड जाईपर्यंत दोघांचे हात चालू होते. माझ्या चालकाने विचारलं, "चलें, माताजी?" मी म्हटलं, "रुको ज़रा, उनका होने दो."